निम्म्या गोळ्या रिकाम्या

तोकोरोआ, ११ फेब्रुवारी

किया ओराना माआरा,

तुझा पत्ता आपल्या चुलतबहिणीने, व्हाइनेने दिला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिच्या पायरीवर दोन तास बसून होते. फोन नंबर मात्र तिने दिला नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे. ऑस्ट्रेलियातल्या खाणीच्या कॅम्पवर पत्रं पोचतात की नाही, तेही मला माहीत नाही.

आपले पापा कसे आहेत ते काही कळवायचं नाही, असं तू जाताना सांगून गेलास. सहा वर्षं आम्ही कुणी कळवलं नाही. आता कळवते, कारण गेल्या महिन्यात दवाखान्यात ते डॉक्टरांना म्हणाले, "येता हिवाळा काही माझ्याने निघणार नाही." डॉक्टरांना वाटलं छातीचं दुखणं आहे. पापांनी कानाकडे बोट दाखवलं. मी शेजारी दुभाषी म्हणून बसले होते. इंग्रजीत सांगताना मी ते वाक्य जरा मऊ केलं. तुला मऊ करून सांगत नाही.

कागद गिरणीत एकतीस वर्षं त्यांनी तीन नंबरच्या मशीनवर काढली. ते मशीन कधीच भंगारात गेलं, पण त्यांच्या डोक्यात ते तिन्ही पाळ्या चालू आहे. कानात वाजणाऱ्या त्या आवाजाला ते 'तीन नंबर'च म्हणतात. "आज तीन नंबर जोरात आहे," म्हणाले की आम्ही रेडिओ बंद करतो. तू तेव्हा घरात ढोल वाजवायचास आणि ते कुऱ्हाड घेऊन धावले, ते तुझ्यावर नव्हे, हे मला शिकल्यावर कळलं. त्यांची बाजू घेत नाही. ढोल फोडला तो फोडलाच.

हो, मी शिकले. आरोग्यशास्त्राची पदवी घेतली. त्या दिवशी गळ्यात इतके हार पडले की फोटोत माझं नाक दिसत नाही. आणि आता मी ज्या कामावर आहे, त्यासाठीच मी शिकले असं मला वाटतं. हॅमिल्टनच्या विद्यापीठाचा एक अभ्यास आहे. कानातल्या आवाजावर औषध नाही. नवं शोधायचं तर पंधरा वर्षं जातात, आणि आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांकडे पंधरा वर्षं नाहीत. म्हणून दुसऱ्याच आजारासाठी असलेली जुनी, स्वस्त औषधं कानाला लागू पडतात का, ते तपासायचं. आमचं औषध म्हणजे पायावर सूज आली की डॉक्टर देतात ती लघवीची गोळी. कानाच्या आतही पाणी असतं, तिथे ती काही करते का ते बघायचं आहे. बारा आठवडे. आपल्या गावातली अकरा माणसं आहेत आणि त्यात पापा आहेत. मी मुलगी असल्यामुळे त्यांचा आकडा हॅमिल्टनहून एक नर्स व्हिडिओ कॉलवर, ओठ दिसतील असं विचारणार. बाकी दहा जणांचा मी लिहून घेणार. शून्य म्हणजे आवाज नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. पापांनी दहा सांगितला.

चर्चच्या हॉलमध्ये मी सगळ्यांना आपल्या भाषेत समजावलं. निम्म्यांना औषध नसलेली गोळी देतात, त्याला आपल्याकडे शब्दच नाही. मी म्हणाले, "निम्म्या गोळ्या रिकाम्या असतील. कुणाच्या, ते मलाही माहीत नाही."

अकाइती मावशी मागे बटाटे सोलत होती. ती म्हणाली, "म्हणजे पंगतीत अर्ध्या पोरांना जेवण आणि अर्ध्यांना नुसतं ताट?"

तिची ही 'पोरं' सगळी साठीच्या पुढची. हॉल हसला, मीही हसले. "असंच काहीसं, मावशी," म्हणाले.

उत्तर दे किंवा देऊ नकोस. मी लिहीत राहीन.

तेकुरा

*

तोकोरोआ, २४ मार्च

माआरा,

आजची गंमत सांगते. पाद्रीबाबा उपदेशाला उभे राहिले आणि दहाव्या मिनिटाला आमच्या अकरांतले नूरोआकाका उठून बाहेर गेले. मग त्यांच्या मागे एक, मग आणखी एक. असे पाच जण. एक आत येतो न येतो तोच दुसरा निघतो. पाद्रीबाबा थांबून म्हणाले, "माझं बोलणं इतकं बोचतंय का?" बाहेर जेवणाच्या टेबलाशी नूरोआकाका छाती काढून सांगत होते, "आमची पाच जणांची खरी निघाली. बाकीच्यांनी देवाचं नाव घ्या."

"आणि आरिकी?" कुणीतरी पापांचं नाव घेऊन विचारलं.

"आरिकी दगडासारखा बसून होता. आरिकीची रिकामी."

पापा हसले नाहीत. मी सगळ्यांना ओरडले, असं ओळखायचं नसतं, याने अभ्यास बिघडतो. अकाइती मावशीने माझ्या ताटात तारोच्या पानांची भाजी वाढली आणि म्हणाली, "जेव आधी. सगळ्यात जास्त ज्याचं वाजतं त्यालाच रिकामी. हे तुझ्या पुस्तकात लिहिलंय का कुठे?"

मी म्हणाले, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं असतं, कुणी मुद्दाम करत नाही.

"म्हणूनच विचारते," ती म्हणाली. "मुद्दाम करणारं कुणी असतं तर त्याच्याशी बोलता आलं असतं."

तामारुआकाकांना अभ्यासात घेता आलं नाही. तुला ते आठवत असतील. तीन नंबरवर पापांच्या समोर उभे राहायचे, दोघं ओठांवरून एकमेकांचं बोलणं ओळखायचे. त्यांच्याही कानात वाजतं. पण त्यांचा रक्ताचा निकाल बरा नव्हता. काय बरं नव्हतं ते मला कुणाला सांगायची परवानगी नाही, तुलाही नाही. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "माझी बाटली कुठाय, पोरी?" मी एवढंच म्हणाले, "काका, तुम्ही यात बसत नाही." कारण लिहिलेलं पत्र हॅमिल्टनहून त्यांच्या घरी गेलं होतं. इंग्रजीत. ते त्यांनी बायबलमध्ये ठेवलंय, असं त्यांनी मला अभिमानाने सांगितलं.

एक बातमी आहे. पापांचा आकडा आठ झाला. मला तो कळायला नको, पण तेच सांगतात. आणि ते झोपू लागलेत.

तेकुरा

*

तोकोरोआ, २८ एप्रिल

माआरा,

सहा! सहा म्हणजे काय ते तुला तिथे बसून कळायचं नाही. सकाळी मी त्यांच्या खोलीत डोकावते, तर पांघरूण हनुवटीपर्यंत आणि श्वास एकसारखा. पूर्वी पहाटेपर्यंत लाकडं रचत बसायचे. बाकीच्यांचे आकडेही उतरताहेत, सगळ्यांचे, थोडे थोडे. डॉक्टर रोवेना माझ्या वरच्या अधिकारी आहेत. त्या फोनवर म्हणाल्या, "तुमच्या गावाचा निकाल बाकी गावांपेक्षा फार वेगळा दिसतोय, तेकुरा. फार छान दिसतोय." मग म्हणाल्या, "सगळं नियमाप्रमाणे चाललंय ना?" मी हो म्हणाले.

मी उगाच इथे राहिले असं लोक म्हणायचे. शहरात नोकरी मिळत होती. पण आपली माणसं गिरणीत कान घालवून बसली आणि त्यांना कुणी विचारलं नाही. विचारणारं आपलंच कुणी असलं की फरक पडतो, हे मला जगाला दाखवायचं होतं. आता दाखवता येईल असं वाटतंय.

गेल्याच्या गेल्या शनिवारी अकाइती मावशीकडे गेले होते. विशेष काही नाही. सगळे जमतात तिथे.

आपल्याकडची थंडी सुरू झाली. गवतावर पांढरं पडतंय. पापांनी तुझं नाव काढलं. नुसतं नाव.

तेकुरा

*

तोकोरोआ, १९ मे

माआरा,

तामारुआकाका गेले.

मंगळवारी लाकडं फोडताना पडले. मोठ्या इस्पितळात तीन दिवस होते. शरीरातलं पाणी पार आटलं होतं आणि मूत्रपिंडं बंद पडली होती. डॉक्टर विचारत होते, हे कोणती गोळी घेत होते? त्यांच्या बायकोने पिशवीतून काढून दाखवल्या. आमच्याच पांढऱ्या गोळ्या, जॅमच्या बाटलीत.

सगळ्यांनी गोळ्या एकत्र केल्या होत्या. ज्याची खरी, ज्याची रिकामी, सगळ्या एका भांड्यात, आणि सारख्या वाटून घ्यायचे. तामारुआकाकांनाही. मला हे इस्पितळातच कळलं.

काल पुरलं त्यांना. हॉलमध्ये दोन दिवस गाणी चालली. पुरुषांचा तो खालचा आवाज तुला ठाऊक आहे, जमीन हलते. पापा शवपेटीशी बसून होते. मी पाणी न्यायला गेले तर म्हणाले, "सगळे गातायत ना? तोंडं हलताना दिसतायत."

अभ्यासाची सगळी औषधं हॅमिल्टनने थांबवली आहेत. बाटल्या मी घरोघरी जाऊन परत घेतल्या. पापांचीही. बाटली देताना त्यांनी झाकण नीट लावून दिलं.

तेकुरा

*

तोकोरोआ, २ जून

माआरा,

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. ते पोस्टात टाकलं आणि तेव्हापासून मला त्याच वाक्याचा त्रास होतो आहे. मला ते इस्पितळात कळलं नव्हतं.

एप्रिलमध्ये शनिवारी सकाळी मी मावशीकडे गेले होते, ते लिहिलं होतं मी. दार उघडंच होतं. टेबलावर तिचं मोठं लाकडी भांडं होतं, ज्यात ती लग्नाकार्याला गुलाबी बटाट्याचं सॅलड कालवते. त्यात गोळ्या होत्या. बाजूला अकरा बाटल्या, झाकणं काढून. बारा माणसं भोवती बसली होती आणि नूरोआकाका मोजत होते, खेळात पानं वाटावीत तसे.

"सत्याहत्तर. प्रत्येकी सहा. उरल्या पाच."

"त्या तामारुआला द्या," मावशी म्हणाली. "पहिले पाच आठवडे त्याला मिळाल्या नाहीत. मागून आलेल्याला जास्त वाढायचं."

"मी नको म्हणतोय का?" तामारुआकाका म्हणाले आणि सगळे हसले.

मला पाहून कुणी दचकलं नाही, लपवलं नाही. मावशीने खुर्ची पुढे केली. "ये पोरी. बघ, आता कुणाचंच ताट रिकामं नाही."

त्या खोलीत फक्त मला माहीत होतं की तामारुआकाकांची मूत्रपिंडं ते औषध झेलणार नाहीत. बाकीच्यांना वाटलं, मी 'बसत नाही' म्हणाले म्हणजे जागा नाही, वाटा नाही. आपल्याकडे वाटा नाही म्हटलं की आपल्यातला दुसऱ्याला द्यायचा, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी तेच केलं. मी तोंड उघडायला हवं होतं. तिथेच, सगळ्यांसमोर, नियम मोडून सांगायला हवं होतं. काकांना परसात नेऊन सांगितलं असतं तर नियमही मोडला नसता.

मी गप्प बसले, कारण पापा त्या आठवड्यात झोपत होते. सांगितलं असतं तर अभ्यास त्याच दिवशी बंद, आणि बाटल्या परत. मी मनाशी म्हणाले, पाच आठवडेच उरलेत. म्हणाले, काका तगडे आहेत. मग चहा घेतला आणि एक भाकरीचा तुकडा खाल्ला. मी खाल्ला, माआरा.

काल डॉक्टर रोवेना आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुला केव्हा कळलं?" इस्पितळात, असं म्हणता आलं असतं. ते खोटं मी आधी तुझ्यापाशी बोलून पाहिलं होतं. मी तारीख सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. नंतर म्हणाल्या, "तुझ्या वडिलांसाठी?" मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "मला समजतं. पण मला हे लिहावं लागेल." मी म्हणाले, लिहा. शब्द मीच सांगितले त्यांना.

माझी नोकरी गेली. आपल्या गावाचे सगळे आकडे अभ्यासातून काढून टाकतील. चौकशी बसेल. तामारुआकाकांच्या बायकोला मी स्वतः जाऊन सांगितलं. ती चुलीपाशी उभी होती. तिने एकच विचारलं, "त्या पत्रात हेच होतं का?" मग आत जाऊन बायबल घेऊन आली आणि म्हणाली, "वाच." मी वाचलं. दोन परिच्छेद होते. आपल्या भाषेत सांगायला एक मिनिटही लागलं नाही.

तेकुरा

*

तोकोरोआ, ३० जून

माआरा,

बाकीच्या गावांचं काय होणार ते एवढ्यात कळणार नाही. डॉक्टर रोवेनांनी फोनवर फक्त इतकं सांगितलं की खऱ्या आणि रिकाम्या गोळीत आतापर्यंत तरी फरक दिसत नाही, आणि हे तू कुणाला सांगू नकोस. तुला सांगितलं. आता माझं आणखी काय जायचं आहे?

मला वाटलं, निदान पापांच्या बाबतीत तरी फरक पडला होता. दोन महिने ते झोपले ते तर मी डोळ्यांनी पाहिलं होतं. गोळी असो, रिकामी असो, काहीतरी झालं होतं. त्या काहीतरीच्या बदल्यात तामारुआकाका गेले, असा हिशेब मी करत बसले होते. वाईट होता, पण त्याच्या दुसऱ्या बाजूला काहीतरी होतं.

परवा परसात ते लाकडांपाशी बसले होते. मी त्यांच्यासमोर, ओठ दिसतील अशी बसले आणि सगळं सांगितलं. मी भांडं पाहिलं ते, मी गप्प बसले ते. मी म्हणाले, "तुम्हाला झोप लागत होती, पापा. मला ती मोडवली नाही."

ते हातातल्या ढलपीची साल काढत राहिले. मग म्हणाले, "मी झोपत नव्हतो."

"मी रोज सकाळी बघत होते."

"तू दार उघडायचीस ते जमिनीतून कळायचं. मग मी डोळे मिटायचो."

मला आधी अर्थच लागला नाही. मी विचारलं, "आणि आकडा? आठ, सहा?"

"नूरोआने सांगितलं होतं, आठवड्याला थोडा थोडा उतरवायचा. एकदम नाही, नाहीतर पोरीवर संशय येईल."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. तुझं पहिलंच काम. हॉलचं छप्पर घालताना प्रत्येकाने एकेक पत्रा दिला, तसं." ते जरा हसल्यासारखे झाले. "तामारुआच्या नावाचा तर कागदही नव्हता. तरी गावभर सांगत फिरायचा, माझं कमी झालं, आरिकीच्या पोरीने कमी केलं."

मी विचारलं, खरा आकडा किती होता?

"दहा."

"कधीच कमी नाही? एकदाही?"

"दहाच्या पुढे तुझ्या कागदावर जागाच नव्हती," ते म्हणाले.

त्यानंतर मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. तुम्ही खरं बोलला असतात तर मी त्या शनिवारी गप्प बसले नसते, असं ओरडले. शेजारच्यांनी ऐकलं असणार. पापांना किती ऐकू आलं ते माहीत नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तू हळू बोललीस तरी मला कळतं."

मी खूप विचार केला. त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि त्या खोट्यासाठी मी गप्प बसले. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. यातून जातो तो तिसराच माणूस. शाळेत, कॉलेजात, मला कुणी शिकवलं नव्हतं की आपल्यावर माया करणाऱ्याचं उत्तर कसं लिहून घ्यायचं. रकाना होता, मी भरला.

मावशीने मला टाकलेलं नाही. रविवारी ताट भरूनच देते. पण ती भांडं बाहेर काढत नाही आता, आणि कुणी कुणाकडे शनिवारी जात नाही. आवाज ज्याचा त्याच्यापाशी, ज्याच्या त्याच्या घरात. पापांनी हिवाळ्याबद्दल पुन्हा काही म्हटलेलं नाही. मी कुऱ्हाड आणि दोर व्हाइनेच्या नवऱ्याकडे नेऊन ठेवले. पापांनी ते पाहिलं. लाकडं आता तो फोडून आणून देतो. सकाळी मी दारातूनच विचारते, "किती?" ते दहा म्हणतात. माझ्याकडे त्याला औषध नाही, लिहायला कागदही नाही. तरी विचारते. खरं सांगायची सवय व्हावी, एवढंच.

तू ये, असं मी लिहिणार नाही. तुला दाखवायला इथे बरं असं काही नाही. तू परत आल्याने ते बरे होतील, असंही नाही. मला तुझ्याकडून एकच हवं आहे आणि त्यासाठी एक ओळ पुरे.

व्हाइने सांगत होती, तू सहा वर्षं जमिनीखाली खडक फोडायच्या यंत्रावर आहेस. यंत्र बंद झाल्यावर, खोलीत एकटा असताना, तुझ्या कानात काही वाजतं का? असलं तर किती? मला बरं वाटावं म्हणून कमी करून लिहू नकोस.

तेकुरा